दोष पत्राचा की दाराचा?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक खटला चालला. न्यायासन म्हणजे माजघरातील झोपाळा, पंच म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर सुपारी कातरीत बसलेली घरची मंडळी, आणि आरोपी मात्र सव्वाचारशे वर्षांपूर्वीचे. आमची नात महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकते. तिला शेक्सपिअरचे 'रोमिओ आणि ज्युलिएट' हे नाटक अभ्यासास आहे. आणि परीक्षेत हमखास येणारा प्रश्न असा की, ह्या दोन तरुण जिवांच्या मृत्यूस जबाबदार कोण? तिने तो प्रश्न एकटीने सोडविण्याऐवजी साऱ्या घरापुढे मांडला. आमच्या घरात एक वकील आहे, एक डॉक्टर आहे आणि एक निवृत्त शाळामास्तर आहे. अशा घरात प्रश्न पडला म्हणजे वाद पेटावयास वेगळी काडी लागत नाही.

ज्या वाचकांनी हे नाटक वाचले नसेल त्यांच्याकरिता कथाभाग थोडक्यात सांगतो. व्हेरोना नगरीत माँटेग्यू आणि कॅप्युलेट अशी दोन तालेवार घराणी होती. त्यांचे वैर जुने. ते कशावरून जडले हे साऱ्या नाटकात कोणी सांगत नाही, आणि कदाचित कोणास ठाऊकही नसावे. एका घरचा रोमिओ, दुसऱ्या घरची ज्युलिएट. तिला अजून चौदावे वर्षही पुरे झालेले नाही. रविवारी एका मेजवानीत दोघांची दृष्टभेट होते, आणि सोमवारी लॉरेन्स नावाचा एक धर्मगुरू, ह्या योगे दोन घरांतील वैर मिटेल ह्या आशेने, त्यांचा गुप्तपणे विवाह लावतो. त्याच दिवशी भर रस्त्यात तलवारी निघतात; रोमिओच्या हातून ज्युलिएटचा आतेमामेभाऊ मारला जातो आणि रोमिओस नगराबाहेर हद्दपार करण्यात येते. इकडे ज्युलिएटचे वडील, आपल्या मुलीचे लग्न झाले आहे हे ठाऊक नसल्याने, तिचे लग्न दुसऱ्याच एका सरदाराशी ठरवितात. मुलगी धर्मगुरूकडे धावते. तो तिला बेचाळीस घटका नव्हे, तर बेचाळीस तास मृतवत् पडून राहण्याचे औषध देतो, आणि रोमिओस सर्व हकीकत कळविणारे पत्र धाडतो. पत्र नेणारा साधू वाटेत प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. पत्र पोहोचत नाही. पोहोचते ती ज्युलिएटच्या मृत्यूची खोटी वार्ता. रोमिओ परत येतो, तिच्या शवाशेजारी प्राण सोडतो. ती जागी होते, त्यास पाहते आणि तीही त्याच्या मागोमाग जाते. मग दोन्ही घरचे वडील एकमेकांचे हात धरतात आणि मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याची बोली करतात.

आता आमच्या घरचे पंच काय म्हणाले ते ऐका.

आमचे वडील बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणते, त्यांनी प्रथमच निकाल देऊन टाकला. "दोष त्या पोरांचा. रविवारी ओळख, सोमवारी लग्न, गुरुवारी मरण! भाजी घेतानासुद्धा माणूस याहून अधिक वेळ लावतो. आईबापांस न विचारता केलेल्या कामाचे हेच फळ."

सूनबाई डॉक्टर आहे. तिचा रोख धर्मगुरूवर. "पोटात घ्यावयाचे औषध देऊन पुढची सारी भिस्त एका पत्रावर ठेवणारा हा कसला शहाणा? ह्याने वडिलांस जाऊन स्पष्ट सांगावयाचे होते."

पुतण्या वकील. त्याच्या मते दोष राजाचा. भर चौकात तीनदा दंगल झाली आणि राजाने नुसती तंबी दिली. जेथे कायद्याचा धाक नाही तेथे कुणाचाही बळी पडावयाचाच. सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे सर्वांचे ऐकून घेऊन शेवटी एकच वाक्य उच्चारले, "त्या मुलीला दूध पाजून वाढविणारी दाई ऐन वेळी तिला 'दुसरा नवरा कर' म्हणाली, तेव्हाच ती मुलगी एकटी पडली हो." आणि नात म्हणाली, "आमचे प्राध्यापक म्हणतात, नियती. ते पत्र पोहोचले असते तर काहीच झाले नसते."

मग सर्वांच्या माना आमच्याकडे वळल्या. मास्तर माणसास उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असा घरोघरी समज असतो. आम्ही दुसऱ्या दिवसाची मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे विचार आले तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम दादांचा पक्ष घेऊ, कारण तो सर्वांत जुना आहे. शेक्सपिअरने हे कथानक ज्या काव्यावरून घेतले ते आर्थर ब्रुक ह्या कवीचे काव्य १५६२ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत ब्रुकसाहेबांनी अगदी दादांसारखाच निकाल दिला आहे : वडिलांची आज्ञा मोडणाऱ्या आणि भलत्यांच्या सल्ल्याने चालणाऱ्या विषयांध तरुणांची गत काय होते ते पाहा. परंतु पस्तीसएक वर्षांनी शेक्सपिअर हीच कथा लिहावयास बसला तेव्हा त्याने तो उपदेश गाळला. ब्रुकच्या काव्यात कित्येक महिने चालणारी गोष्ट त्याने पाचसहा दिवसांत आणून बसविली, आणि सोळा वर्षांच्या नायिकेस तेरा वर्षांची केले. म्हणजे दादा ज्या घाईस दोष देतात ती घाई नाटककाराने हेतुपुरस्सर घातलेली आहे. आणि नीट पाहिले तर ती केवळ मुलांची नाही. ज्युलिएटचे वडील आरंभी मोठ्या समंजसपणे म्हणतात की मुलगी लहान आहे, दोन वर्षे थांबू, आणि तिची संमती असेल तरच पुढे जाऊ. तेच गृहस्थ पुढे गुरुवारचे लग्न ठरवितात, मुलगी नको म्हणाली तेव्हा घराबाहेर काढण्याची धमकी देतात, आणि गुरुवारचेही बुधवारवर आणतात. मुलांची घाई तारुण्याची होती. बापाची घाई शब्द दिल्याची होती. योग्य काय ते त्यास ठाऊक होते, हे त्याच्याच पहिल्या बोलण्यावरून सिद्ध होते. ठाऊक असून सोडून दिलेल्या शहाणपणाचा दोष अज्ञानापेक्षा मोठा.

आता नातीच्या पत्राकडे वळू. कोणत्या गोष्टीचे कारण काय हे ठरविण्याची आमच्या न्यायशास्त्रात एक सोपी कसोटी आहे. तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जे असले म्हणजे कार्य घडते आणि नसले म्हणजे घडत नाही, ते कारण. जे कधी असते, कधी नसते आणि कार्य मात्र घडतेच, त्यास कारण म्हणता येत नाही. ही कसोटी लावावयाची तर एका कथेने भागत नाही, दोनचार कथा शेजारी मांडाव्या लागतात. सुदैवाने त्या शोधण्यास आम्हांस इटलीपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. ह्याच नदीच्या काठी, वरच्या अंगास, अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून ते स्थान आपण मानतो. आषाढीला तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. ह्या कथेत काय आहे? मुलीचे मन एका ठिकाणी. बापासही तेच स्थळ पसंत. परंतु थोरला भाऊ रुक्मी वैराने पेटलेला. तो बहिणीस शिशुपालास देऊ करतो आणि बाप मुलाच्या मायेपोटी मान तुकवितो. भागवतात रुक्मिणी विश्वासू ब्राह्मणाच्या हाती सात श्लोकांचे पत्र द्वारकेस धाडते. पत्र पोहोचते. श्रीकृष्ण येतो, अंबिकेच्या देवळाबाहेर तिला रथात घेतो. रुक्मी शस्त्र घेऊन पाठीशी लागतो आणि हरतो. तरुण जिवांचे मरण नाही. द्वारकेस थाटाने विवाह आहे. ह्यावरून नात म्हणेल, "पाहा, पत्र पोहोचले म्हणून वाचले." क्षणभर तसे दिसते खरे.

म्हणून तिसरी कथा मांडतो, आणि ती पुराणातील नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे ह्यांचा 'सैराट' हा चित्रपट प्रदर्शित झाला. मराठीत इतके उत्पन्न मिळविलेला चित्रपट त्यापूर्वी झाला नव्हता. शंभर कोटींच्या घरात उत्पन्न गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. आम्ही तो नातवंडांच्या आग्रहाने पाहिला आणि घरी परतेपर्यंत कोणाशी बोललो नाही. करमाळ्याच्या बाजूचे गाव. पाटलांची आर्ची आणि पारध्याचा पर्श्या. जात आड येते, मुले पळून हैदराबादेस जातात. तेथे एक परकी बाई त्यांस आसरा देते. पुढे ती नोकरी धरतात, लग्न करतात, भांडतात, समेट करतात, मूल होते. ह्यात घाई कोठे राहिली? काही वर्षे लोटलेली आहेत. मग मुलगी आईस दूरध्वनी करते. हा निरोप वाटेत कोठे अडकत नाही, दारावर कोणी प्लेगची पाटी लावीत नाही. तो थेट घरी पोहोचतो. काही दिवसांनी भाऊ माणसांसह येतो, हातात माहेरचा अहेर असतो, बहीण चहा करते. पुढे काय घडते ते ज्यांनी पाहिले त्यांस सांगणे नको.

आता कसोटी लावा. व्हेरोनात निरोप पोहोचला नाही आणि मुले मेली. कौंडण्यपुरास निरोप पोहोचला आणि मुले तरली. हैदराबादेस निरोप पोहोचला म्हणूनच मुले मेली. तेव्हा पत्र हे कारण नव्हे. घाईही नव्हे, कारण आर्ची-पर्श्या थांबले होते. वयही नव्हे, नियतीही नव्हे. तीनही ठिकाणी जे खरोखर बदलते ते पत्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. निरोप ज्या दाराशी जातो ते दार उघडे की बंद, आणि त्या दारात उभे कोण, ह्यावर सारे अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, रुक्मिणीच्याही घरचे दार बंदच होते. भाऊ तलवार घेऊन धावला होता. खरे आहे. परंतु तिच्या बाजूने दुसरे एक घर सताड उघडे होते. कृष्ण एकटाच निघाला हे कळताच वडील भाऊ बलराम सैन्य घेऊन पाठोपाठ आला. आणि पराभूत रुक्मीस कृष्ण मारणार तेव्हा रुक्मिणीने भावासाठी पदर पसरला. कृष्णाने त्याची विटंबना केली तर बलरामाने कृष्णासच शब्द लावला. म्हणजे जिंकलेल्या पक्षातही वैर थांबविणारा एक वडीलधारा होता. मात्र प्रत्येक तरुणाच्या पाठीशी यादवांचे सैन्य नसते. ज्याच्यापाशी सैन्य नाही त्याने काय करावे, ह्याचे उत्तर आमच्याच विदर्भाच्या एका कवीने दिले आहे.

भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. महामहोपाध्याय मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचे गाव होय असे दाखविले आहे. आठव्या शतकातल्या ह्या कवीच्या 'मालतीमाधव' नाटकाचा नायक माधव हा कुंडिनपुराहून पद्मावती नगरीस न्यायशास्त्र शिकावयास गेलेला विद्यार्थी. मालती तेथल्या अमात्याची कन्या. दोघांच्या वडिलांनी विद्यार्थिदशेतच मुलांचे लग्न करण्याचा एकमेकांस शब्द दिलेला. पण राजा आपल्या मर्जीतल्या नंदनासाठी मालतीस मागणी घालतो. बाप राजास उघड नाही म्हणू शकत नाही. येथे कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध परिव्राजिका पुढे होते, आणि ती जे करते ते लॉरेन्सच्या कृत्यासारखेच दिसते : गुप्त भेटी, वेषांतर, गुप्त विवाह. संकटेही कमी नाहीत. मालतीस चामुंडेपुढे बळी देण्यापर्यंत पाळी येते. तरीही नाटकाचा शेवट गोड आहे. संस्कृत नाटकाची रीतच ती, असे म्हणून पंडित मोकळे होतील. परंतु कवीने तो गोड कसा केला हे पाहण्यासारखे आहे. कामंदकी ही दोन्ही बापांची सहाध्यायिनी. तिचा कट राजापासून गुप्त आहे, मुलीच्या बापापासून नव्हे. लॉरेन्सचा कट नेमका बापांपासून गुप्त आहे. एकीने घराच्या संमतीने जगाशी कपट केले. दुसऱ्याने जगाच्या भीतीने घराशी केले. पहिल्या कपटात काही चुकले तर सावरणारा घरी होता. दुसऱ्यात एक पत्र चुकले आणि सावरणारे कोणीच नव्हते.

तेव्हा आमचा निकाल असा : सूनबाई, पुतण्या आणि सौभाग्यवती तिघेही खरे बोलले, पण तिघांनी एकाच दाराच्या तीन फळ्या दाखविल्या. धर्मगुरूने बापास सांगितले नाही, कारण सांगण्याजोगा बाप नव्हता. राजाने दुर्लक्ष केले, आणि शेवटी तो स्वतःच ते कबूल करतो. दाईने हात सोडला, म्हणून त्या घरात तेरा वर्षांच्या मुलीस खरे बोलावयास एकही माणूस उरले नाही. मुलांचा दोष एवढाच की ती मुले होती. ज्या घरात मुलास खरे सांगण्याची सोय नाही, त्या घराने पुढे घडणाऱ्या अपघाताचे बिल नियतीच्या नावाने फाडू नये. आणि ते सोन्याचे पुतळे! ज्या दारातून मुलगी जिवंतपणी बाहेर पडू शकली नाही, त्या दाराशी मेल्यावर सोने ओतून काय उपयोग?

येथवर वाचून आमच्यासारख्या घरांतील वाचकांस थोडे बरे वाटले असेल. आपल्यात कोठे तलवारी निघतात? आपल्याकडे कोण अहेराआडून कोयता आणतो? आपण सुशिक्षित, आपल्या घरांत मुलींच्या हाती पुस्तके दिली. हे खरे. परंतु कोणते पुस्तक दिले ते आठवा. उपवर मुलीस चांगला वर मिळावा म्हणून एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' वाचावयास देण्याची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची चाल आहे. ज्या कन्येने भावाचे ऐकले नाही, बापास न विचारता पत्र धाडले आणि ऐन लग्नाच्या दिवशी रथात बसली, तिची कथा आपण श्रद्धेने वाचून घेतो, आणि वाचणारीने पोथी मिटून एखादे नाव उच्चारले की आपल्याच तोंडून शब्द निघतात, "मुलगी आम्हांस मेली." तिच्या नावाने आंघोळ करणारे बाप आम्ही पाहिले आहेत. शस्त्र न उचलता मुलीस मारण्याची ही आमची रीत. ती कोणत्याही कलमाखाली येत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी लिहिणे अधिक अवश्य.

हे आम्ही वरच्या पायरीवर बसून लिहीत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षे झाली असतील. आम्ही ह्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिकवीत होतो. कापसाचा हंगाम होता. रस्त्याने बैलबंड्यांची रांग लागलेली. एका संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला. बाप जिनिंगमध्ये कामास. मुलगा हुशार, नुकता नोकरीस लागलेला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून तो म्हणाला, "सर, तुम्ही एकदा तिच्या बाबांशी बोला. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत." मुलगीही आमच्याच वर्गातून गेलेली. घर आमच्या परिचयाचे, आमच्याच जातीचे. गृहस्थ आमच्यापाशी बसून पंचांग पाहणारे.

आम्ही त्यास म्हणालो, "तिची परीक्षा होऊ दे. मग पाहू."

परीक्षा झाली. आम्ही गेलो नाही. वाचकहो, खरे कारण सांगतो. त्या वर्षी आमच्या मुलीचे स्थळ पाहणे चालले होते. ह्या प्रकरणात आमचा हात आहे असे कोणी म्हणेल, ही भीती होती. रोमिओचे पत्र नेणाऱ्या साधूच्या दारावर निदान प्लेगचा पहारा होता. अशा पहाऱ्याचा अनुभव २०२० साली आपण सर्वांनी घेतला. अडकलेल्या माणसास कोणी दोष देत नाही. आमच्या दारावर तर कोणी पाटी लावली नव्हती. त्या गृहस्थांचे घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होते.

दोघांनी पुढे परगावी जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न केले. ती जिवंत आहेत, सुखी आहेत; ह्यात आमचे पुण्य यत्किंचितही नाही. पण मुलीच्या बापाने तिच्या नावाने आंघोळ केली, आणि तिची आई पुढे सात वर्षे त्या बंद दाराआड राहून गेली. तिच्या अंत्ययात्रेस आम्ही होतो. मुलगी आली होती. तिला घरात घेतले नाही. ती रस्त्याच्या कडेस लिंबाखाली उभी होती. यात्रा जवळून गेली तेव्हा तिने आईस हात जोडले, आणि मागोमाग चालणाऱ्या आम्हांस पाहून पुन्हा एकदा जोडले. तो नमस्कार आम्हांस अद्याप फेडता आलेला नाही. आम्ही बोललो असतो तर बापाने ऐकले असते असे नाही. कदाचित आम्हांसही पायऱ्या उतरावयास लाविले असते. परंतु त्या घरात तिच्या बाजूने एक शब्द उच्चारला गेला होता, एवढे तरी त्या आईस कळले असते.

पुतण्या म्हणतो की आता काळ बदलला. कायद्याने मुलीस अठरा आणि मुलास एकवीस वर्षे पुरी झाली की विवाह त्यांच्या संमतीचा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जातिधर्म आड न येता लग्न करता येते. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ति वाहिनी' खटल्याच्या निकालात स्पष्ट सांगितले की, दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांस वरिले तर कुटुंबाची, जातीची वा पंचायतीची अनुमती अवश्य नाही. आणि अशा जोडप्यांच्या तक्रारी घेण्यास व त्यांच्या रक्षणास जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावेत असा आदेश दिला. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ सालापासून अमलात आहे. हे सर्व उत्तम झाले. ज्याच्यापाशी यादवांचे सैन्य नाही त्यास राज्याने सैन्य दिले. परंतु कायदा दाराबाहेरील शिपाई आहे. तो तलवार अडवील, जेवावयास बोलावणार नाही. आणि मुलीने दूरध्वनी केला तर पलीकडे तो कोणी उचलावा, हे कोणतेही न्यायालय ठरवू शकत नाही.

आम्ही असे म्हणत नाही की मुलांनी जे नाव सांगितले ते वडिलांनी डोळे मिटून मान्य करावे. विचारपूस करावी, चार दिवस थांबवावे, वाद घालावा, रागवावे देखील. ज्युलिएटसारखी अजाण मुलगी असेल तर तिला थांबविणे हे वडिलांचे कर्तव्यच आहे. परंतु थांबविणे निराळे आणि तोडणे निराळे. "हे आम्हांस पटत नाही" असे म्हणणाऱ्या घराकडे मुले परत येतात. "तू आम्हांस मेलीस" असे म्हणणाऱ्या घराकडे येत नाहीत. आणि 'सैराट'मधल्या आर्चीसारखी एखादी आईच्या ओढीने पुन्हा हाक मारते, तेव्हा त्या हाकेचे काय होईल हे घरातील सर्वांत रागीट माणसाच्या हाती जाते. एकत्र कुटुंबाचा आम्हांस अभिमान आहे. एकत्र कुटुंबात दहा माणसे असतात. त्या दहांतून एकाने तरी दारात उभे राहू नये, तर मग एकत्र राहण्याचा लाभ तो काय?

हा निकाल आम्ही दुसऱ्या रात्री झोपाळ्यावर बसून वाचून दाखविला. ओसरीवरची जुनी हकीकतही सांगितली. ती घरात सौभाग्यवतींखेरीज कोणास ठाऊक नव्हती. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने नात म्हणाली, "आजोबा, नाटकाचे राहू द्या. समजा, उद्या मीच एखादे नाव सांगावयाचे म्हटले, आणि ते तुम्हांला कोणालाच पटण्यासारखे नसले, तर मी आधी कोणाला सांगू?"

झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या वाजत होत्या. उत्तर द्यावयास आम्ही शब्द जुळवीत होतो. मास्तरांस त्यास वेळ लागतो. तेवढ्यात ज्यांनी पहिल्या रात्री साऱ्या दोषाचे खापर पोरांच्या माथी फोडले होते, ते दादा सुपारी बाजूस ठेवून म्हणाले, "मला सांग. मी ओरडेन, दोन दिवस बोलणार नाही. पण दार लावणार नाही, आणि लावूही देणार नाही."

नातीने त्यावर काही म्हटले नाही. उठून तिने दादांस पाणी आणून दिले.

वाचकांस आमची विनंती एवढीच की, हा अंक वाचून झाल्यावर आपापल्या घरी हा प्रश्न एकदा मोठ्याने विचारावा. आपल्या घरात पोरांनी नको ते सत्य प्रथम कोणास सांगावयाचे? त्या माणसाचे नाव मुलांस ठाऊक असावे, आणि त्या माणसासही ते ठाऊक असावे. ज्यांच्या घरी असे नाव लगेच निघाले त्यांनी देवाचे आभार मानावेत. ज्यांच्या घरी सारे गप्प राहिले त्यांनी मुलांवर रागावू नये. आपल्यापैकी कोणी दहा मिनिटे चालत जाण्याचे टाळले आहे, ते शोधावे.